माझा नंबर कितवा?

(कार्यकर्त्यांच्या निवासी शिबिरात केलेलं भाषण, थोडं संक्षिप्त करून.)

मैत्रिणींनो,

काल जेवणं झाल्यावर काहीजणी एकमेकींना विचारत होत्या, "तू कितवी गं?" कार्यक्रमपत्रिकेत 'एनिअग्रामची ओळख' असं छापलंय, त्याचा हा परिणाम. तेव्हा आकड्यांपासूनच सुरुवात करते.

ग्रीक भाषेत एनिआ म्हणजे नऊ. एक वर्तुळ, परिघावर नऊ बिंदू, ते जोडणाऱ्या रेषा. ही आकृती गुर्जिएफ नावाच्या गुरूने गेल्या शतकाच्या पूर्वार्धात शिष्यांना शिकवली, पण तिच्यात माणसांचे स्वभाव नव्हते. ते बसवले ऑस्कर इचाझो यांनी. १९७० साली चिलीतल्या आरिका गावी त्यांच्याकडे शिकायला गेलेल्यांत क्लाउदिओ नारान्हो हे मानसोपचारतज्ज्ञ होते. त्यांनी ते अमेरिकेत बर्कलीला नेलं. तिथून ते पाद्री, समुपदेशक आणि पुढे कंपन्यांच्या प्रशिक्षणांपर्यंत पोचलं. हे हजारो वर्षांचं गुप्त सूफी ज्ञान आहे असं कुणी सांगितलं तर मान डोलवू नका. त्याला पुरावा नाही.

प्रत्येक बिंदूपाशी एक विकार आहे: राग, गर्व, दिखावा, मत्सर, कृपणपणा, भय, हाव, अतिरेक, आळस. आपले षड्रिपू आठवले ना? पण माणूस काय करतो यापेक्षा का करतो, हा इथला प्रश्न आहे. रात्री अकरा वाजता एखाद्या बाईबरोबर पोलीस ठाण्यात आपण चौघी जातो. एक जाते, कारण चुकीचं घडतंय ते तिला बघवत नाही, ही पहिली. दुसरीला कुणाला तरी आपली गरज आहे हे हवं असतं. तिसरीला काम तडीस नेऊन दाखवायचं असतं. आठवीला कुणी कुणावर दादागिरी केलेली खपत नाही. काम एकच, पण थकल्यावर चौघी चार तऱ्हांनी मोडतात. दुसरी रुसते, पहिली सगळ्यांच्या चुका काढते. संघटनेत राहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

आता अडचण सांगते. आमच्या गटात पहिल्यांदा हे केलं तेव्हा निम्म्याहून अधिक जणींनी स्वतःला 'दोन' लिहिलं, म्हणजे मदत करणारी. सगळ्यांना वाढून मग उरलंसुरलं खायचं, हे ज्यांना लहानपणीच शिकवलं, त्या दुसरं काय लिहिणार? तो स्वभाव की वळण, हे तो कागद सांगत नाही. आठवा तर कुणीच लिहिला नाही. पुरुषाने टेबलावर हात आपटला तर तो खमका, बाईने आपटला तर कजाग. स्वतःहून कोण लिहील?

आणि माझी चूक. आमच्यातली एक जण बैठकीत गप्प बसायची. मी तिला मनातल्या मनात 'नऊ' ठरवून टाकलं: शांतताप्रिय, वाद नको असलेली. एकदा भांडण मिटवायला तिलाच पाठवू या, असं मी सुचवलं. ती म्हणाली, "ताई, मला शांतता-बिंतता काही आवडत नाही. मी दोनदा बोलले होते. इतिवृत्तात दोन्ही वेळा ते तुमच्या नावावर गेलं. मग बोलायचं कशाला?" घरी जाऊन वही काढली. खरंच होतं. अक्षर माझंच होतं.

म्हणून माझ्यापुरते दोन नियम केलेत. नंबर फक्त स्वतःचा शोधायचा, दुसरीला द्यायचा नाही. आणि कोषाध्यक्ष कोण, दौऱ्यावर कोण, हे त्यावरून कधीच ठरवायचं नाही. या विषयावरच्या संशोधनाचा आढावा २०२१ साली प्रसिद्ध झाला, त्यातही पुरावा संमिश्रच निघाला. स्वतःला प्रश्न विचारायचं एक साधन, एवढीच त्याची किंमत मला वाटते. तेवढीही कमी नाही.

आता कागद वाटते. नाव लिहू नका, नंबरही नको. गेल्या महिन्यात संघटनेचं एखादं काम मनाविरुद्ध केलं असेल तर ते लिहा. आणि नाही म्हटलं असतं तर काय होईल अशी भीती वाटली, ते खाली लिहा. वीस मिनिटं घ्या. पेन्सिली त्या डब्यात आहेत. जिला लिहिण्यापेक्षा सांगणं सोपं वाटेल तिने माझ्याशेजारी येऊन बसावं. मी तिच्याच शब्दांत लिहून घेईन आणि तिला वाचून दाखवीन.