रिकाम्या रकान्याचा अर्थ



मूल जन्माला येते तेव्हा त्याला नाव असतेच असे नाही. जन्माची वर्दी एकवीस दिवसांच्या आत द्यावयाची असते. आपल्याकडे बारसे बहुधा बाराव्या दिवशी होते. काही घरांत त्याहूनही उशिरा. रुग्णालयातील जन्माची वर्दी तर रुग्णालयाकडूनच जाते. साहजिकच अनेक नोंदींत आईवडिलांची नावे असतात, जन्मतारीख असते. मुलाच्या नावाचा रकाना मात्र रिकामा असतो.

हा रिकामेपणा दोष नाही. जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ याच्या कलम १४ मध्ये त्याची स्पष्ट तरतूद आहे. नावाशिवाय नोंद झाली असल्यास पालकांनी विहित मुदतीत तोंडी अथवा लेखी माहिती द्यावी आणि निबंधकाने नाव लिहून त्यावर आद्याक्षरी व तारीख घालावी, असे ते कलम सांगते. चुकीच्या नोंदीसाठी मात्र कलम १५ वेगळे आहे. तेथे चूक सिद्ध व्हावी लागते आणि मूळ नोंदीला हात न लावता दुरुस्ती समासात करावयाची असते. रिकामी जागा भरणे आणि चूक दुरुस्त करणे ही दोन निराळी कामे आहेत, हा भेद संसदेने संगणक गावोगाव पोहोचण्याच्या कितीतरी आधी ओळखला होता.

आज या नोंदी संगणकातील तक्त्यात असतात, आणि हाच भेद तेथे नव्या रूपाने पुढे येतो. तक्त्यांच्या रूपाने माहिती साठविण्याची पद्धत एडगर कॉड या संशोधकाने १९७० मध्ये मांडली. अशा तक्त्यांशी व्यवहार करण्याच्या एसक्यूएल या भाषेत रिकाम्या रकान्याला ‘नल’ म्हणतात. नल म्हणजे शून्य नव्हे, मोकळी जागाही नव्हे. ‘माहिती अद्याप नाही’ एवढाच त्याचा अर्थ.

शून्य आणि नल यांतील अंतर एका उदाहरणाने स्पष्ट होईल. पाच बालकांपैकी चौघांचे जन्मवजन ३.०, २.५, २.५ व २.० किलो असे नोंदले आहे. पाचव्याचे वजन नोंदलेले नाही. रकाना रिकामा ठेवला तर संगणक चौघांचीच सरासरी काढतो : २.५ किलो. कोणी ‘रकाना मोकळा नको’ म्हणून तेथे शून्य लिहिले, तर सरासरी २.० किलोवर येते. २.५ किलोहून कमी वजन हे कमी जन्मवजन मानले जाते. म्हणजे एका शून्याने सारे गाव कुपोषित भासू लागते.

आता तक्त्यातील मूल्ये बदलण्याकडे वळू. त्यासाठी ‘अपडेट’ ही आज्ञा आहे. तिचे तीन भाग असतात : कोणता तक्ता, कोणत्या रकान्यात काय लिहावयाचे, आणि कोणत्या ओळींत. तिसरा भाग म्हणजे अट. ती वगळली तर संगणक हटकत नाही. तो तक्त्यातील प्रत्येक ओळ बदलून टाकतो, पूर्वी भरलेल्या नावांसह.

अट लिहिताना नवख्या माणसाची हमखास फसगत होते. ‘नाव बरोबर नल’ अशी अट तो घालतो आणि एकही ओळ बदलत नाही. चुकीची सूचनाही बहुधा मिळत नाही. याचे कारण तर्काला धरून आहे. बारसे न झालेल्या दोन बालकांची नावे सारखी आहेत काय, या प्रश्नाला ‘होय’ म्हणता येत नाही आणि ‘नाही’ही म्हणता येत नाही. संगणकही ‘अज्ञात’ असेच उत्तर देतो, आणि अज्ञात उत्तराची ओळ तो निवडत नाही. यासाठी ‘इज नल’, म्हणजे ‘रकाना रिकामा आहे’, अशी स्वतंत्र अट द्यावी लागते. शिवाय रकान्यात नुसती मोकळी जागा टंकलेली असेल, तर तो डोळ्यांना रिकामा दिसतो, पण नल नसतो. त्या ओळी वेगळ्या शोधाव्या लागतात.

यास्तव क्रम असा असावा. प्रथम तक्त्याची प्रत सुरक्षित ठेवावी. नंतर तीच अट वापरून ओळी नुसत्या पाहाव्यात व मोजाव्यात. मग बदल करावा. बदललेल्या ओळींची संख्या आधीच्या मोजणीशी जुळली तरच तो कायम करावा, अन्यथा मागे घ्यावा. एका बालकाचे नाव भरताना नोंदणी क्रमांक आणि ‘नाव रिकामे असेल तरच’ अशा दोन्ही अटी घालाव्यात, म्हणजे एकाचे नाव दुसऱ्याच्या नावावर लिहिले जाणार नाही.

सर्वांत मोठा धोका मात्र आज्ञेत नसून घाईत आहे. प्रलंबित रकाने शून्य दाखवावेत म्हणून सर्व रिकाम्या जागी ‘बाळ’ असा शब्द भरला, तर अहवाल सुबक दिसेल. परंतु नाव नसलेल्या मुलांच्या यादीतून ते मूल त्याच क्षणी नाहीसे होईल. कोणी त्याच्या पालकांना आठवण करून देणार नाही. १ ऑक्टोबर २०२३ रोजी अथवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशासह अनेक कामांत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखला लागतो. शाळेच्या दारात तो दाखला उघडेल, तेव्हा तेथे ‘बाळ’ असेल, आणि जे काम साधे नाव भरण्याचे होते ते चूक सिद्ध करण्याचे होऊन बसेल.

शिक्षकांनी पहिलीच्या प्रवेशाची वाट न पाहता अंगणवाडीतच दाखले पाहण्यास सुचवावे. पंचायत सदस्यांनी नाव नसलेल्या नोंदींची यादी मागवून त्या घरांपर्यंत निरोप पोहोचवावा. माहिती मिळेपर्यंत रकाना रिकामा राहू द्यावा. तो रिकामा आहे तोवर त्या मुलाचे नाव यावयाचे आहे, याची आठवण कोणाला तरी राहते.