चालणे आणि चालवून घेणे

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी चार शब्द बोला, असा मंडळाचा निरोप आला तेव्हा मी चटकन "चालेल" म्हणून मोकळी झाले. मग विचार पडला की बोलायचे कशावर? विषय माझ्याच तोंडात होता. त्या "चालेल"वरच आज बोलणार आहे. मात्र तेथे पोचायचे ते इंग्रजीच्या वाटेने, कारण हा विषय मला सुचविला माझ्या नातीने.

ती सहावीत आहे. मागे एकदा गृहपाठ करताना तिने विचारले, "आजी, तुला वॉक माहीत आहे का?" मला ऐकू आले "वाकळ". मी म्हटले, "माहीत नसायला काय झाले? पेटीत दोन आहेत. थंडी पडली की काढू." पोरगी हसता हसता लोळायला लागली. "वाकळ नाही गं, वॉक! वॉक म्हणजे चालणे."

मग तिने वहीतली यादी वाचून दाखविली. सकाळी पाय मोकळे करायला जातात तो वॉक. सभागृहातून विरोधी पक्ष रागाने उठून जातो तो वॉकआउट. समोरचा खेळाडू मैदानावर आलाच नाही आणि न खेळता जिंकलो, तर तो वॉकओव्हर. झेल आपल्याच बॅटीला लागून गेला हे ओळखून, पंचांनी बोट वर करण्याआधी फलंदाज आपणहून परत निघाला, तर तोही वॉक. आणि काम अगदी सोपे निघाले तर केकवॉक! पाय तेच, पण अर्थ किती!

माझा मुलगा बाजूला बसून ऐकत होता. त्याने मोठा कोश उघडला आणि म्हणाला, "आई, तू फार चुकली नाहीस." त्याने वाचून सांगितले ते मला फार गंमतीचे वाटले. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ चालणे नव्हताच. लोळणे, उलटेपालटे होणे असा काहीसा होता. चालण्याचा अर्थ पुढे शेकडो वर्षांनी आला. आणि लोकरीचे कापड मागावरून उतरले की ते पाण्यात घालून पायांनी तुडवीत, म्हणजे त्याची वीण दाट होई. त्या तुडविण्यालाही हाच शब्द होता, आणि तुडविणारा तो वॉकर. आपल्याला पडद्यावर हसविणाऱ्या जॉनी वॉकरने आपले नाव एका दारूच्या नावावरून घेतले होते. पण त्या आडनावाच्या मुळाशी गेले तर तेथे कापड तुडविणारा माणूस उभा आहे!

हे ऐकले आणि माझ्या डोळ्यांपुढे गोदावरीचा काठ आला. दिवाळीच्या आधी घरोघरच्या वाकळी गाठोड्यात बांधून आम्ही नदीवर जात असू. भिजलेली वाकळ काही हाताने धुता येत नाही. ती खडकावर पसरायची आणि दोघी-तिघींनी एकमेकींचे खांदे धरून वर उभे राहून तुडवायची. तास तास पाय चालायचे, पण आम्ही पाऊलभरही पुढे जात नसू. बाईमाणसाचे घरातले चालणे बरेचसे असेच असते, नाही का?

आता आपल्या मराठीकडे वळू. माझे माहेर लातूरचे. तेथल्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, हे तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. आपला "चालणे" हा शब्द तसाच आहे. घड्याळ चालते, दुकान चालते, खटला चालतो. गाण्याला चाल असते आणि बुद्धिबळातही चाल असते. सैन्य चाल करून जाते. काम टाळले तर ती चालढकल. नको असलेल्या माणसाला आपण "चालता हो" म्हणतो. नाणेही चालते. निजामाचे राज्य १७ सप्टेंबर १९४८ रोजी संपले, तरी त्यानंतर काही वर्षे आपल्याकडे हाली रुपया होता. दुकानदार रुपया वाजवून विचारायचा, "हाली की कलदार?" कोणता कोठे चालेल याचा हिशेब बायकांनाही ठेवावा लागे, असे माझी आई सांगत असे.

पण या सोळा रस्त्यांपैकी काही रस्ते बाईपाशी आले की अरुंद होतात. पुरुषाची चाल म्हटली की ती पटावरची. बाईची चाल म्हटली की बोलणाराचा आवाज खाली येतो. घर आपण चालवितो, पण "घरात कोणाचे चालते?" असे विचारले तर उत्तर निराळे येते. आणि चाल म्हणजे रीत. "आमच्यात चालत नाही," एवढे तीन शब्द उच्चारले की पुढे वाद नाही.

हे तीन शब्द मीही ऐकले आहेत. लग्न होऊन नांदेडला आले तेव्हा मी मॅट्रिक झाले होते. शिक्षिकेच्या ट्रेनिंगचा अर्ज भरून आणला होता, फक्त सही राहिली होती. आत्याबाई स्वभावाने वाईट नव्हत्या. त्यांनी मला जवळ बसवून सांगितले, "सुनेनं बाहेर पडलेलं आमच्यात चालत नाही, बाई." मी म्हणाले, "चालेल." कोणी रागावले नाही, कोणी रडले नाही. मी अर्जाची घडी केली आणि पेटीत वाकळीच्या आत ठेवली.

त्यानंतर त्या शब्दाची जिभेला सवयच लागली. भाजी कोणती करायची? कोणतीही चालेल. लुगडे कोणत्या रंगाचे? कोणतेही चालेल. शिळी भाकरी उरली आहे? मला चालेल. भगिनींनो, हे चालणे नव्हे, हे चालवून घेणे आहे. वाकळीवर उभे राहून पाय हलविण्यासारखे.

१८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली, तेव्हा मुलींनी शिकणेही चालत नव्हते आणि बाईने शिकविणेही चालत नव्हते. सावित्रीबाई फुले शाळेत जाताना लोक अंगावर शेण-चिखल टाकीत, म्हणून त्या दुसरे लुगडे बरोबर नेत असत. त्या रोज त्याच रस्त्याने चालल्या, म्हणून पुढे ते चालू लागले. चाल पडते ती अशी. कोणीतरी आधी चालावे लागते.

दोन वर्षांपूर्वी आमच्या सुनेला लातूरला नोकरी मिळाली. आठवडाभर तेथे राहायचे आणि सुटीला नांदेडला यायचे. जेवताना विषय निघाला. माझा मुलगा, तोच कोश उघडणारा, मान खाली घालून म्हणाला, "आपल्यात असं चालत नाही." सून काही बोलली नाही. तिने भात वाढून घेतला आणि म्हणाली, "असू द्या. मला चालेल."

भगिनींनो, तो आवाज माझा होता. माझ्या हातातला घास हातातच राहिला. मी मुलाला म्हटले, "तिचं राहू दे. मला चालेल. ती जाईल." त्याला आधी कळलेच नाही. इतकी वर्षे मी ज्या शब्दाने माघार घेत आले, त्याच शब्दाने मी वाट मोकळी करीन, असे त्यालाही वाटले नव्हते आणि मलाही.

हे सारे केकवॉक होते असे मी सांगणार नाही. पहिला महिना नात रोज रात्री रडत असे. सकाळचा डबा माझ्याकडे आला आणि माझे गुडघे दुखू लागले. "सून कोठे राहते?" असे आवाज खाली करून विचारणारेही भेटले. पण आता शनिवारी संध्याकाळी सून दारात चप्पल काढते तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे दिसते, त्यापुढे गुडघ्यांचे काही वाटत नाही. मुलगाही आता डबा भरायला शिकला आहे.

परवा थंडी पडली म्हणून पेटीतली वाकळ काढली. घडीतून तो पिवळा पडलेला अर्ज खाली पडला. नातीने उचलून विचारले, "आजी, हे काय आहे?" मी म्हटले, "तुझ्या वहीत आहे बघ. हा वॉकओव्हर. समोरचे जिंकले, कारण मी मैदानात उतरलेच नाही."

"चालेल" हा शब्द टाकून द्या असे माझे म्हणणे नाही. त्याच्यावाचून संसार चालत नाही. पण म्हणण्याआधी क्षणभर थांबून स्वतःला विचारा की या "चालेल"ने कोणी पुढे जाणार आहे की वाकळच तुडविली जाणार आहे. आणि आपल्या घरची लेक किंवा सून हलक्या आवाजात "मला चालेल" म्हणाली, तर ते तिला खरेच चालणार आहे का, हे एकदा तिला विचारून बघा.

आपले मंडळही असेच कोणीतरी आधी चालले म्हणून आज चालते आहे. ते पुढे चालत राहो, एवढे बोलून मी आपली रजा घेते.