तळ्याकाठची राहुटी



मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत कर्जाचा विषय निघाला. चिखलदऱ्याला पावसाळ्यात आणि हिवाळ्यात किती गाड्या चढतात ते आपण पाहतोच. अमरावती, अकोला, नागपूरकडची कुटुंबं येतात, सुटीच्या दिवशी खोल्या मिळत नाहीत. त्यातल्या पुष्कळांना आता खोली नकोच असते. तळ्याकाठी तंबू पाहिजे, शेकोटी पाहिजे, लेकरांना पळायला मोकळी जागा पाहिजे. आमच्या एका सदस्य ताईचं शेत घाटाच्या पायथ्याशी, गावतलावाला लागून आहे. मग गटानं कर्ज काढून दहा तंबू घ्यावेत का, हा प्रश्न होता.

तरुण सुना एकदम तयार. एक आजी मात्र हसायला लागल्या. म्हणाल्या, "माय वो, हे काय नवीन सांगून राह्यल्या तुम्ही? बहिरमले आमी काय करत होतो?"

खरंच आहे. चांदूर बाजार तालुक्यातली बहिरमची यात्रा 20 डिसेंबरला सुरू होते आणि महिनाभर चालते. सातपुड्याच्या पायथ्याशी राहुट्या पडतात, रोडगे भाजले जातात, हंडी शिजते. आपल्या आज्या बैलगाडीतून भांडीकुंडी, गोधड्या, लेकरं घेऊन जात आणि मुक्काम करत. शहरातले लोक ज्याला कॅम्पिंग म्हणतात ते वऱ्हाडातल्या बायांनी पिढ्यान्‌पिढ्या केलेलं आहे. फरक एवढाच, की तिथं आपण आपल्याच माणसांत होतो. इथं पाहुणा पैसे देणार, म्हणजे त्याच्या लेकराबाळांची जबाबदारी आपल्यावर येणार.

म्हणून आम्ही ठरवलं, कर्जाच्या अर्जावर सही करण्याआधी एक रात्र गिऱ्हाईक होऊन राहून पाहू. पाच घरं मिळून एक गाडी केली आणि एका तळ्याकाठच्या तंबूत मुक्कामाला गेलो. जागेचं नाव सांगत नाही, कुणाची बदनामी करायची नाही. तळं सुंदर होतं. जेवणही बरं होतं. पण संडास होता दोनशे पावलांवर, वाटेत दिवा नाही, दाराला आतून कडी नाही. आम्ही अकरा बाया होतो. दुपारी चारनंतर आमच्यातल्या एकीनंही पाण्याचा घोट घेतला नाही. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, आपोआप झालं ते. रात्रभर एकही उठली नाही आणि एकीलाही नीट झोप लागली नाही. सकाळी पुरुष मंडळी म्हणाली, "काय मस्त झोप झाली!"

त्या एका रात्रीनं आम्हाला जे कळलं ते कुठल्या प्रशिक्षणात कळलं नसतं. कुटुंब फिरायला निघतं तेव्हा पैसे बाप देत असेल, पण पुन्हा त्या जागी जायचं की नाही हे त्या घरातली बाई ठरवते.

दुसरी गोष्ट पाण्याची. त्याच संध्याकाळी आमच्यातलं एक सात वर्षांचं पोरगं दहा मिनिटं दिसेना. त्याच्या आईचा चेहरा अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. सापडला तो काठावर, मोबाईलच्या उजेडात बेडूक पाहत बसला होता. आपल्या भागात बऱ्याच तलावांतला गाळ काढून शेतात टाकलेला आहे. शेताला ते चांगलंच. पण जिथून माती उचलली तिथं पाण्याखाली खड्डे राहतात. दोन पावलं गुडघाभर पाणी आणि तिसऱ्या पावलाला माणूस बुडेल एवढं. वरून काही दिसत नाही. त्यामुळे तंबू काठावर नकोच, फोटो कितीही छान येवो. मागे, उंचावर, आणि मध्ये दोरी बांधलेली. अंधार पडल्यावर काठाला कुणीच जायचं नाही. पोहायला तर दिवसाही नाही.

तिसरी गोष्ट नीट ऐका, कारण ही आपल्या घरातही लागू आहे. चिखलदरा साधारण 1100 मीटर उंचीवर आहे, थंडी चांगलीच पडते, आणि पायथ्यालाही डिसेंबरात हुडहुडी भरते. मग माणसं शेकोटीतले निखारे घमेल्यात भरून तंबूत नेतात आणि पडदा लावून झोपतात. कोळशाच्या निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साईड नावाचा वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. माणूस झोपेतच बेशुद्ध होतो आणि जीवही जातो. तेव्हा शेगडी, घमेलं, निखारे, काहीही बंद तंबूत न्यायचं नाही. जास्तीची गोधडी द्या, ब्लँकेट द्या. पाहुणा रागावला तर रागावू द्या.

आता परवानगीचं. तंबू आपल्या मालकीच्या शेतात आहे म्हणून काम संपलं असं नाही; ग्रामपंचायतीला आणि पोलीस ठाण्याला कळवायचं, कोण मुक्कामाला आहे त्याची वही ठेवायची. आणि जंगलात मनानं तंबू ठोकता येत नाही. मेळघाट 1973-74 पासून व्याघ्र प्रकल्प आहे. तिथं राहायचं तर सेमाडोह, कोलकास, अकोट तालुक्यातलं शहानूर अशा ठिकाणी वनविभागाची सोय आहे, तीच घ्यायची. आपल्या शेतातसुद्धा उरलेलं अन्न रात्री उघड्यावर ठेवू नका, रानडुकरांना आवतण देण्याची गरज नाही.

कर्जाबद्दल. राज्य सरकारचं 2023 चं 'आई' नावाचं पर्यटन धोरण आहे, महिलांसाठी. पर्यटनाचा व्यवसाय बाईच्या मालकीचा असेल आणि बाईच चालवत असेल, तर 15 लाखांपर्यंतच्या बँक कर्जावरचं व्याज ठरलेल्या मर्यादेत पर्यटन संचालनालय परत देतं. योजना चांगली आहे. पण हप्ता आधी आपणच भरायचा, व्याज नंतर परत येतं, आणि मुद्दल तर आपलंच आहे. पाऊस लांबला, रस्ता बंद झाला, तरी हप्त्याची तारीख लांबत नाही. मला स्वतःला पहिल्याच वर्षी एवढं मोठं कर्ज पटत नाही, आणि हे मी बैठकीतही सांगितलं. दोन ताया माझ्यावर अजून नाराज आहेत.

कुणी विचारलं की त्या घरासारख्या गाड्या येतात, आत पलंग आणि गॅस असलेल्या, त्यांचं काय? कॅराव्हॅन म्हणतात त्यांना. 2021 मध्ये सरकारनं त्यांचंही धोरण आणलं. अशा गाडीला तंबू लागत नाही; सपाट टणक जागा, पाणी, विजेचा प्लग एवढं पुरतं. मात्र गाडीतल्या संडासाची टाकी कुठं रिकामी करणार हे आधी विचारायचं. ती आपल्या शोषखड्ड्याच्या टाकीत गेली पाहिजे, तलावात नाही. त्याच तलावावर आपली गुरं पाणी पितात.

तर आमचं शेवटी असं ठरलं. या हिवाळ्यात तंबू विकत घ्यायचे नाहीत, मंडपवाल्याकडून दोनच भाड्यानं आणायचे. गटाच्या बचतीतून आधी दोन संडास आणि एक न्हाणी बांधायची, तलावापासून लांब आणि तंबूंच्या जवळ. आतून कडी, वाटेवर सौर दिवे, बादलीत पाणी. जेवणाला रोडगे, वांग्याची भाजी, वरण, आणि ज्वारी हुरड्यात आली की हुरडा. दर अजून ठरला नाही. एकीचं म्हणणं, शहरातले लोक देतात तर मागा. दुसरीचं म्हणणं, अमरावतीचा मास्तर चार माणसं घेऊन येईल त्याला परवडलं पाहिजे. पुढच्या मंगळवारी पुन्हा बसणार आहोत.

बहिरमवाल्या आजींनी मात्र आपलं काम ठरवून टाकलं. "पाव्हणे येण्याआधी पहिली रात्र मीच झोपतो तिथं," म्हणाल्या. "रातच्याले दोन वेळा उठाव लागते मले. तुमचा संडास पास का नापास, सकायी सांगतो."