डब्यातला दाणा आणि वर्गातली थट्टा

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



आम्ही डॉक्टर नाही, शिक्षकही नाही. बँकेत कारकुनी करणारी माणसे. तरी आज उभे आहोत, कारण विषय आमच्या घरातला आहे. आमच्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. आपल्याकडे खिचडीत, कोशिंबिरीत, भरल्या वांग्यात दाण्याचे कूट असतेच. त्याचे शरीर मात्र त्या अन्नालाच शत्रू समजते. अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, कधी श्वास कोंडतो. हे लाड नव्हेत, आणि हा संसर्गाचा रोगही नव्हे.

पाचवीत मुले त्याला ‘शेंगदाणा’ म्हणून चिडवू लागली. एकाने त्याच्या डब्यात गुपचूप चिक्कीचा तुकडा टाकला. वेळीच दिसला म्हणून निभावले. पुढे डबा भरलेलाच घरी येऊ लागला. विचारले तर म्हणे, “भूक नव्हती.” आठवड्याने आईजवळ रडला, तेव्हा सारे कळले.

शाळेने सोपा उपाय सुचवला : जेवणाच्या सुट्टीत त्याला व्हरांड्यात वेगळे बसवू. मित्रहो, वेगळे बसवणे म्हणजे काय, हे या सभागृहात सांगावे लागत नाही. शाळेत गोणपाटावर वेगळ्या बसलेल्या भीमरावांची हकिकत आपल्या घराघरांत ठाऊक आहे. कारण निराळे असेल, पण लेकराच्या वाट्याला येणारा कोपरा तोच. आम्ही नकार दिला.

बँकेत तोंडी व्यवहाराला किंमत नसते. आम्ही तारीखवार घटना लिहिल्या, डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडले, मुख्याध्यापकांना अर्ज दिला आणि पोच घेतली. मागितले एवढेच : डब्यात काही टाकणे ही खोडी न समजता गंभीर बाब मानावी, औषध कोठे आहे व केव्हा द्यायचे हे शिक्षकांना माहीत असावे, आणि वर्गाला नीट समजावून सांगावे.

वर्गशिक्षिकेने एक तास त्यासाठी दिला. चिक्की टाकणारा मुलगा म्हणाला, “मला वाटलं, नुसती खाज येते.” या अज्ञानाची किंमत केवढी असते पाहा. २०१७ साली लंडनच्या एका शाळेत दुधाची ॲलर्जी असलेल्या १३ वर्षांच्या मुलावर सोबत्याने चीजचा तुकडा फेकला. काही दिवसांनी तो मुलगा दगावला. फेकणाऱ्याला परिणामाची कल्पना नव्हती. शाळेत ठेवलेल्या त्याच्या इंजेक्शनची मुदतही संपलेली होती.

म्हणून पालकांनो, औषधाची मुदत तपासत राहा. श्वास अडला, तर खाजेची गोळी पुरत नाही. डॉक्टरांनी दिलेले ॲड्रेनालिनचे इंजेक्शन मांडीच्या बाहेरच्या बाजूस ताबडतोब द्यावे आणि १०८ ला फोन करावा.

आमच्या मुलाला चिडवणे एका दिवसात थांबले नाही. पण आता तो सर्वांच्या पंगतीत बसतो, आणि शेजारचा मुलगा डबा उघडताना विचारतो, “यात कूट आहे का?” विद्यार्थी मित्रांनो, हा प्रश्न तुम्ही विचारा. कोणाची थट्टा चालली असेल, तर हसणाऱ्यांत उभे राहू नका. बाईंना किंवा सरांना जाऊन सांगा. ती चहाडी नव्हे, सोबत आहे.

 जय भीम.