‘उद्या येतो’ म्हणण्याची ताकद



मृगाचा पाऊस पडला की आपण सारे कृषी सेवा केंद्राच्या दारात उभे राहतो. तेथे माल विकण्याच्या दोन तऱ्हा दिसतात. एक दुकानदार विचारतो, ‘पीक किती दिवसांचे? पाने आणली का?’ गरज नसेल तर ‘चार दिवस थांबा’ म्हणतो. दुसरा काही विचारतच नाही. बाटली समोर ठेवतो आणि म्हणतो, ‘आज मारले नाही तर पीक हातचे जाईल. पैशाचे दिवाळीला बघू.’

हा फरक स्वभावाचा नाही, हिशेबाचा आहे. पहिल्याला आपण पुढच्या वर्षी पुन्हा यायला हवे असतो. दुसऱ्याला ठाऊक असते की त्याच्या वहीत नाव असल्यामुळे आपण दुसरीकडे जाऊच शकत नाही. दावणीच्या बैलाला कोणी चुचकारत नाही.

खताचेही तेच. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीचा भाव सरकारने २६६ रुपये ५० पैसे बांधून दिला आहे. त्यात विकणाऱ्याला फारसे सुटत नाही. मग गोणीबरोबर नको असलेली बाटली गळ्यात मारायची, हे लिंकिंग. दुकानदार म्हणतो, ‘वरूनच असे येते.’ पुष्कळदा ते खरेही असते. पण वरचा दाब शेवटी आपल्यावरच येऊन थांबतो, कारण आपल्या खाली कोणी नाही.

एक वस्तू घेतल्याशिवाय दुसरी न देणे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याला मान्य नाही. शेतकरी हाही ग्राहकच, असे सर्वोच्च न्यायालयाने बियाण्याच्या प्रकरणात २०१२ साली सांगितले. पण हातात पक्के बिल नसेल तर कायदा मुका. तेव्हा उधारीचा माल असला तरी बिल मागायचेच.

आणि ‘आजच मारा’ याचे उत्तर दुकानात नाही, शेतात आहे. कपाशीत कामगंध सापळ्यात सलग ३ रात्री गुलाबी बोंडअळीचे ८-८ पतंग सापडले, किंवा १० टक्के फुले-बोंडे किडलेली दिसली, तर फवारणीची वेळ झाली. त्याआधी घेतलेले औषध म्हणजे पैसे देऊन आणलेली भीती.

कोणी म्हणेल, रोख आणायची कोठून? प्रश्न रास्त आहे. म्हणून पीककर्ज पेरणीआधी हातात पडले पाहिजे, हा आग्रह आपण सोडता कामा नये. दहा घरांनी मिळून मे महिन्यातच यादी केली, चार दुकानांत भाव विचारला आणि एकत्र माल उचलला, तर तोच दुकानदार खुर्ची पुढे करतो.

दुकानदाराशी आपले वैर नाही. त्याने विकावे, आपण घ्यावे. पण ‘उद्या येतो’ म्हणून रिकाम्या हाताने पायरी उतरण्याची मोकळीक ज्याला आहे, तोच खरा गिऱ्हाईक. बाकीचे नुसते देणेकरी. या हंगामात आपण कोण व्हायचे, ते गावोगाव बसून ठरवू या.