धंद्याला शोभेल असे संकेतस्थळ

बेळगाव-निपाणी हा मुलूख फार पूर्वीपासून देवघेवीचा आहे. निपाणीची तंबाखूची पेठ, शहापूर-वडगावच्या मागांवरील साड्या, बेळगावचा कुंदा, उद्यमबागेतील फाउंड्री आणि निपाणी-अथणी भागात हातांनी घडणाऱ्या कोल्हापुरी चपला यांनी या मुलखाचे नाव दूरवर नेले. येथील लहान व्यावसायिकाला आज जो तो एकच उपदेश करतो : संकेतस्थळ काढा. उपदेश चुकीचा नाही. तो अपुरा मात्र आहे. संकेतस्थळांचे प्रकार अनेक आहेत आणि भलताच प्रकार पदरी पडला, तर गाठीचा पैसा जातो व गिऱ्हाईकही येत नाही.

स्थूलमानाने हे प्रकार चार होत. पहिला दुकानावरील पाटीसारखा : नाव, पत्ता, वेळ आणि फोन एवढेच सांगणारा. दुसरा नमुन्यांच्या वहीसारखा : मालाची छायाचित्रे, मापे व चौकशीची सोय असलेला, सौदा मागाहून बोलून ठरतो. तिसरा प्रत्यक्ष दुकानाचा : तेथेच माल निवडावा, पैसे भरावे आणि माल घरपोच यावा. चौथा म्हणजे स्वतःचे घर न बांधता ॲमेझॉन, फ्लिपकार्ट यांच्यासारख्या मोठ्या बाजारात गाळा मांडणे. निवड करताना खर्चाच्याही आधी एक प्रश्न विचारावयास हवा : गिऱ्हाईक सौदा करताना नेमके कोठे अडते?

उद्यमबागेतील फाउंड्रीचे उदाहरण घ्यावे. यंत्राचा सुटा भाग हवा असलेला पुण्याचा कारखानदार चित्र पाहून लगेच पैसे भरीत नसतो. कोणता धातू ओतला जातो, किती वजनापर्यंतचे काम होते, तपासणीची साधने कोणती, हे त्याला आधी कळले पाहिजे. त्या धंद्याला नमुन्यांची वहीच शोभते. कुंद्याचे याच्या उलट आहे. पदार्थ ओळखीचा, भाव ठरलेला. गिऱ्हाइकाला केवळ मागणी नोंदवायची असते. तेथे दुकान उपयोगी पडते. मात्र दुधाचा माल किती दिवस टिकतो व किती दिवसांत पोहोचतो, हे स्पष्ट लिहिलेले हवे. तंबाखू-विडीच्या व्यापाऱ्याची गोष्ट तर आणखी निराळी. 2003 च्या कायद्याने तंबाखूच्या जाहिरातीस बंदी असल्यामुळे सजविलेले संकेतस्थळ त्याला अडचणीतच आणील.

खरी कसोटी लागते ती चपला घडविणाऱ्या कारागिराच्या बाबतीत. त्याचा माल व्यापाऱ्याच्या हाती जातो, दूरच्या शहरात विकला जातो, आणि घेणाऱ्याला घडविणाऱ्याचे नावही ठाऊक नसते. 2019 साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांबरोबर बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर हे कर्नाटकाचे चार जिल्हेही आहेत. तरीही जून 2025 मध्ये मिलान येथे प्राडा या इटालियन पेढीने तशाच चपला मूळ न सांगता मांडल्या, आणि टीका झाल्यावर त्यांची प्रेरणा भारतीय कारागिरीची असल्याचे मान्य केले. नाव हरवले की मोलही हरवते, ते असे.

म्हणून कारागिराच्या संकेतस्थळाचे पहिले काम विक्रीचे नसून ओळखीचे आहे. मोठ्या बाजारातील गाळ्यावर गर्दी असते, पण तेथे दलाली द्यावी लागते आणि गिऱ्हाइकाच्या लक्षात राहते ते बाजाराचे नाव. स्वतःचे दुकान एकदम उघडले, तर माप चुकून परत आलेल्या जोडाचे टपालहशील नफा खाऊन टाकते. त्यापेक्षा आरंभी नमुन्यांची वही बरी : जोड कोणी घडविला, कातडे कोणते, कागदावर पाऊल ठेवून माप कसे घ्यावे, किती दिवस लागतील, आणि मागणीसाठी व्हॉट्सॲपचा क्रमांक. मागणी नियमित झाली म्हणजे दुकान मागाहून जोडता येते.

सीमेवरच्या व्यापाऱ्याने आणखी एक गोष्ट ध्यानी धरावी. निपाणीहून कोल्हापूर जवळच आहे; परंतु तेथे पाठविलेला माल परराज्यात गेलेला ठरतो. अशा विक्रीला, उलाढाल लहान असली तरी, साधारणपणे जीएसटीची नोंदणी लागते. हस्तकलेच्या काही वस्तूंना अटींसह सूट आहे. दुकान उघडण्यापूर्वीच हिशेबनिसाचा सल्ला घेणे शहाणपणाचे. मजकूर मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत असावा. 2014 पासून शहराचे अधिकृत नाव बेळगावी झाले असले, तरी शोधणारे दोन्ही नावांनी शोधतात. म्हणून पत्त्यात दोन्ही नावे द्यावीत.

आणि शेवटी, संकेतस्थळ कोणीही बांधून देवो, त्याच्या नावाची नोंदणी धंद्याच्या मालकाच्याच नावे असली पाहिजे. शेत कोणाकडूनही नांगरून घ्यावे. उतारा मात्र स्वतःच्याच नावावर हवा.