पाच हजारांच्या आतील चोरी

पैनगंगेकाठच्या आदिलाबाद जिल्ह्यात कापूस वेचणाऱ्या एखाद्या मजुराचा चार हजारांचा मोबाइल बाजारात चोरीस गेला, अशी कल्पना करावी. 1860 च्या भारतीय दंडविधानात साध्या चोरीला मालाच्या किमतीची अट नव्हती; चोरी लहान असो वा मोठी, तिला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शके.

1 जुलै 2024 पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या 303 व्या कलमाने येथे पाच हजारांची रेषा आखली. माल त्याहून कमी किमतीचा, गुन्हेगार प्रथमच दोषी ठरलेला आणि माल वा त्याची किंमत परत केलेली असेल, तर शिक्षा समाजसेवेची. भुकेपोटी हात घालणाऱ्या पोराला तुरुंगातील सराईतांच्या शाळेत धाडू नये, हा विचार स्तुत्यच आहे. पुन्हा दोषी ठरणाऱ्यास मात्र किमान एक वर्ष सक्तमजुरी आहे. राहत्या घरातील चोरीलाही ही सवलत नाही.

परंतु या रेषेला दुसरी बाजू आहे. पाच हजारांच्या आतील साधी चोरी आता अदखलपात्र ठरते. दंडाधिकाऱ्याच्या आदेशावाचून पोलिसांना तपास करता येत नाही. चोराचा शोधच लागला नाही, तर माल परत करणार कोण?

कायदा मालाची किंमत मोजतो. मजूर त्यासाठी राबलेले दिवस मोजतो. चोरावर दया दाखविताना या दुसऱ्या हिशेबाचा विसर पडू नये.